ऋषीचं कूळ आणि तंतुकणिका: प्रार्थना कीटकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पाऊस ओसरू लागला की माझ्या फोनवर हात जोडून बसलेल्या किड्यांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या मखमलाबादच्या बागेतून, कुणाच्या गंगापूर रोडवरच्या बाल्कनीतून, कुणाच्या अंजनेरीच्या पायवाटेवरून. खाली प्रश्न ठरलेले. दरवर्षी तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

मॅडम, हा नाकतोडाच ना?

नाही. नाकतोडा मागच्या लांब पायांवर उडी मारतो आणि गवत-पानं कुरतडतो. प्रार्थना कीटक पुढच्या काटेरी पायांनी शिकार पकडतो आणि जिवंत भक्ष्यच खातो. मान वळवून तुमच्याकडे रोखून बघतो, हे नाकतोड्याला जमत नाही. आपल्याकडे काही जण याला खंडोबाचा किडा म्हणतात. इंग्रजीतून आलेला ‘मँटिस’ हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ भविष्यवेत्ता.

नाकतोडा समजलात म्हणून ओशाळू नका. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द कार्ल लिनियसने १७५८ साली याला ग्रिलस या गटात, म्हणजे रातकिडे आणि नाकतोडे यांच्याच पंगतीला बसवलं होतं.

मग हा नात्याने कुणाचा?

झुरळाचा.

इथे बहुतेकांची तोंडं वाकडी होतात, पण नातं पक्कं आहे. झुरळं, वाळवी आणि प्रार्थना कीटक मिळून एक मोठं घराणं होतं, त्याला डिक्टिऑप्टेरा म्हणतात. घरच्या घरी पटवायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या कपाटामागे झुरळाची तपकिरी डबी शोधा. त्यात अंडी रांगेत बसवलेली असतात. आता बांधावरच्या बाभळीच्या फांदीवर चिकटलेला वाळक्या फेसाचा गोळा पाहा, तो प्रार्थना कीटकाचा. आतली रचना तशीच, ओळीने लावलेली अंडी. अंडी सुटी न टाकता एका आवरणात बंद करून ठेवायची ही दोघांची खानदानी रीत. ऑस्ट्रेलियात मास्टोटर्मिस नावाची एक जुन्या वळणाची वाळवी आहे, तीही अंडी अशीच गठ्ठ्याने घालते.

वाळवीची गोष्ट तर आणखी मजेशीर. शंभर-दीडशे वर्षं तिला वेगळा गण मानलं जात होतं. डीएनए वाचायला लागल्यावर लक्षात आलं की वाळवी ही झुरळांच्या शेजारची नाही, झुरळांच्या आतलीच एक फांदी आहे. क्रिप्टोसर्कस नावाची लाकूड खाणारी झुरळं तिची सख्खी. थोडक्यात, वाळवी म्हणजे वसाहत करून राहायला शिकलेलं झुरळ, आणि प्रार्थना कीटक म्हणजे या सगळ्या गोतावळ्याचा शिकारी चुलत भाऊ.

हे डीएनए-डीएनए ठीक, पण तुम्ही सारखं ‘मायटोकॉन्ड्रिया’ का म्हणता?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग एवढं सगळ्यांना आठवतं. तिच्याकडे स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो हे मात्र बहुतेक जण विसरतात.

त्र्यंबकेश्वरला किंवा पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे गेला असाल तर वह्या पाहिल्या असतील. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं की गुरुजी लाल कापडातलं बाड सोडतात आणि तुमच्या पणजोबांनी कोणत्या साली येऊन सही केली ते दाखवतात. तंतुकणिकेचा डीएनए ही कीटकाची तशीच वही आहे. फरक एवढाच की त्र्यंबकच्या वहीत बापाकडून कूळ लिहिलेलं असतं, आणि या वहीत फक्त आईकडून. अंड्यातून आईच्या तंतुकणिका पिल्लात येतात, नराचा वाटा जवळपास शून्य.

वही आटोपशीर आहे. डीएनए ए, टी, जी आणि सी या चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. केंद्रकातल्या डीएनएचं बाड कोट्यवधी अक्षरांचं असतं, हिची जेमतेम १५ ते १७ हजार. ती गोल असते, बांगडीसारखी. त्यात सहसा ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची (हा काय प्रकार ते पुढे सांगते), २ रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिन विणणाऱ्या मागाच्या, आरएनएची, आणि त्यासोबत जनुक नसलेला एक कोरा पट्टा, जिथून नक्कल करायची सुरुवात होते. हीच ३७ जनुकं तुमच्या-माझ्या तंतुकणिकेतही आहेत. माणसाची वही १६,५६९ अक्षरांची, १९८१ साली ती पूर्ण वाचून झाली.

आता मुद्दा. वही जीर्ण झाली की गुरुजी ती नव्या कागदावर उतरवतात. उतरवताना एखादं अक्षर चुकतं. पुढची प्रत त्या चुकीसकट उतरते. दोन घरांच्या वह्यांत एकच चूक सापडली तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या, असा कयास करता येतो. चुका जितक्या वेगळ्या, तितकी घरं आधी वेगळी झालेली. नात्यांचं सगळं शास्त्र या एका युक्तीवर उभं आहे. बाकीचं गणित आणि संगणक.

आईचीच बाजू का? बापाचं नाव कुठे गेलं?

ते केंद्रकात असतं. आईच्या बाजूचा फायदा असा की दर पिढीला आई-बापाची पानं एकत्र पिसली जात नाहीत, सरळ एका दोरीने मागे जाता येतं. तोटा पुढे सांगते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात ब्रुनेरिया बोरिॲलिस नावाची एक जात आहे, तिच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि त्यांच्या लेकीही बापाविना. तिथे हा प्रश्नच निकालात निघतो.

प्रार्थना कीटकांच्या या वहीत विशेष काय?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा.

बहुतेक कीटकांत ती ३७ जनुकं एका ठरलेल्या क्रमाने बसलेली असतात. माशी घ्या, झुरळ घ्या, क्रम तोच. त्यामुळे प्रार्थना कीटकांतही तोच असणार असं सगळे धरून चालले होते. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आठ प्रार्थना कीटकांच्या पूर्ण तंतुकणिका-जीनोमचा, म्हणजे अख्ख्या वहीचा, अभ्यास छापून आला. आठांपैकी जुना क्रम फक्त दोघांनी पाळला होता.

बाकीच्यांत काय सापडलं? टीआरएनए म्हणजे प्रथिन विणताना योग्य अमिनो आम्ल आणून देणारा हमाल. प्रत्येक अमिनो आम्लाला आपापला हमाल. साधारणपणे आर्जिनिनसाठी एक पुरतो. पण क्रिओब्रॉटर, मँटिस रिलिजिओसा, स्टॅटिलिया आणि थिओपोम्पा या चार प्रार्थना कीटकांत आर्जिनिनच्या हमालाच्या प्रती एकापुढे एक अशा चिकटवलेल्या होत्या, हुबेहूब सारख्या. नक्कल करणारा लिहिता लिहिता डुलकी काढतो आणि तीच ओळ परत परत लिहितो ना, तसं.

स्टॅटिलियाने तर कहर केला. तिच्यात ट्रिप्टोफॅनच्या हमालाच्याही पाच जादा प्रती निघाल्या. त्या कुठून आल्या? आर्जिनिनच्या जादा प्रतींतूनच! हमाल कोणता माल उचलणार हे त्याच्या अंगावरच्या तीन अक्षरांच्या बिल्ल्यावरून कळतं. कीटकांच्या तंतुकणिकेत आर्जिनिनचा बिल्ला टी-सी-जी, ट्रिप्टोफॅनचा टी-सी-ए. शेवटचं एक अक्षर बदललं की बिल्ला बदलला. हमाल तोच, बिल्ला दुसरा. कीटकांमध्ये असा प्रकार पहिल्यांदाच नोंदवला गेला.

विद्यार्थी लगेच विचारतात, मग एवढ्या जादा हमालांमुळे काम वाढलं का? त्या अभ्यासात तेही तपासलं होतं. प्रती एक असो की अनेक, प्रथिनांच्या मजकुरात आर्जिनिनची सांकेतिक अक्षरं वापरायची पद्धत फारशी बदललेली दिसली नाही. निसर्गात प्रत्येक गोष्टीमागे ‘उपयोग’ शोधायची आपली सवय इथे थोडी आवरावी लागते. काही गोष्टी नुसत्या घडतात आणि फार नुकसान होत नाही म्हणून टिकतात.

आणि हो, या जादा प्रतींवरून थेट नाती ठरवायला जाऊ नका. वेगवेगळ्या घरांतले कारकून स्वतंत्रपणेही डुलक्या काढतात. नात्यांसाठी प्रथिनांच्या १३ जनुकांतली अक्षरं जास्त कामाची.

दिसायला सारखे ते एकाच कुळातले, एवढं साधं का नाही?

कारण दिसतं तसं नसतं. आणि या किड्यांचा तर धंदाच तो. पान व्हायचं, काडी व्हायचं, फूल व्हायचं, साल व्हायचं. गवतात राहणारा गवतासारखा लांबुळका होणार, मग तो आफ्रिकेतला असो की सिन्नरच्या माळावरचा. सारख्या जागी राहून वेगवेगळी कुळं सारखी दिसायला लागतात.

उदाहरण आपल्याच झाडांवरचं. आंब्याच्या किंवा चिंचेच्या खोडावर हात टेकायला जावं तर सालीचा एक तुकडा सर्रकन मागच्या बाजूला पळतो. तो सालीवरचा प्रार्थना कीटक, हंबर्टिएला. चपटा, करडा, पायांनी झपाझप धावणारा. अगदी अशाच चपट्या, धावणाऱ्या जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, लिटर्गुसा नावाच्या. वर्षानुवर्षं दोघांना एकाच कुळात, लिटर्गुसिडीमध्ये, कोंबलं होतं. वर सांगितलेल्या २०१६च्या अभ्यासातही आशियातल्या तीन जाती याच आडनावाने आहेत. गंमत म्हणजे त्या तिघींतही मेथिओनिनच्या हमालाचं जनुक जागचं हललेलं सापडलं. २०१९ साली श्वार्झ आणि रॉय या संशोधकांनी प्रार्थना कीटकांची सगळी मांडणी नव्याने केली. त्यात लिटर्गुसिडी हे आडनाव अमेरिकेतल्यांकडे राहिलं आणि हंबर्टिएला, थिओपोम्पा गोनिपेटिडीमध्ये गेले. तेव्हा जुन्या पुस्तकात एक आणि नव्या यादीत दुसरं कूळ दिसलं तर पुस्तक चुकीचं छापलंय असं समजू नका. आडनाव बदललंय.

याच्या आधी, २००९ साली, स्वेन्सन आणि व्हायटिंग यांनी नऊ जनुकं घेऊन मोठा वंशवृक्ष काढला होता. त्यातून निघालेली गोष्ट मला अजून चकित करते: कोण कुणाचा सोयरा हे रूपापेक्षा खंडावरून जास्त नीट जुळतं. गोंडवन या प्राचीन महाखंडाची भूमी फुटली, तुकडे दूर गेले, आणि प्रत्येक तुकड्यावर पान-काडी-सालीची सोंगं पुन्हा नव्याने वठवली गेली.

मग हे किती जुने?

अंजनेरीच्या कातळापेक्षा जुने. नाशिकच्या डोंगरांचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ब्राझीलमधल्या क्रॅटो इथल्या खडकात सँटनमँटिस नावाच्या प्रार्थना कीटकाचे जे जीवाश्म मिळाले, ते साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे ब्रह्मगिरी नव्हता, गोदावरी नव्हती, भारत स्वतः समुद्रात कुठेतरी दक्षिणेला होता, आणि हे ऋषी तपाला बसलेले होते. झुरळांच्या शाखेपासून फारकत तर त्याहूनही कितीतरी आधीची.

आज जिवंत असलेल्यांत सगळ्यात आधी फुटलेल्या तीन फांद्या म्हणजे अमेरिकेतले कीटेसा आणि मँटॉइडा, आणि दक्षिण व आग्नेय आशियातला मेटॅलिटिकस. हा शेवटचा निळा-हिरवा, धातूसारखा चकाकतो आणि झाडाच्या सालीखाली झुरळासारखा राहतो. आजोळ विसरलेला नाही.

वंशवृक्ष हाताशी असला की दुसरेही हिशेब लागतात. कानाचंच बघा. बऱ्याच प्रार्थना कीटकांना एकच कान असतो, तोही छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये. यागर आणि हॉय या संशोधकांनी तो १९८६ साली जगासमोर आणला. वटवाघळाचा श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा, आवाज त्याला कळतो आणि उडता किडा एकदम सूर मारून खाली येतो. साहजिकच वाटतं की वटवाघळांमुळे कान आला. पण वृक्षावर मोजल्यावर कान सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी, आणि एकदाच, उगवलेला दिसला. वटवाघळांच्या कितीतरी आधी. म्हणजे कान दुसऱ्याच कशासाठी आला आणि पुढे वटवाघळांविरुद्ध कामी आला. पंख आखूड झालेल्या, न उडणाऱ्या माद्यांत तो पुन्हा मंद होत गेला.

तंतुकणिकेच्या वहीवर पूर्ण विश्वास ठेवावा का?

नाही. आता तोटे.

पहिला: ती वही कितीही जाड झाली तरी एकाच दोरीची साक्ष. दोन जवळच्या जातींत कधी संकर झाला तर एका जातीची तंतुकणिका दुसरीत जाऊन बसते, आणि वही सरळ खोटं बोलते. दुसरा: कीटकांच्या या डीएनएत ए आणि टी या अक्षरांचीच गर्दी असते, अनेकदा चारांत तीन. अक्षरं बदलून बदलून पुन्हा तिथेच येतात, आणि २० कोटी वर्षांपूर्वीच्या खाणाखुणा पुसल्या जातात. अलीकडची नाती ही वही छान सांगते, फार जुनी गाठ सोडवताना चाचपडते. तिसरा, थोडा चोरटा: तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे कधीकधी केंद्रकात जाऊन चिकटतात आणि तिथे नुसते पडून सडतात. आपण खरी वही समजून ती रद्दी वाचतो.

म्हणून केंद्रकातली जनुकंही सोबत वाचायची. ‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये’ म्हणतात. नाशिकचे लोक ब्रह्मगिरी चढून नदीचं मूळ रोजच बघून येतात, तेव्हा कुळालाही हरकत नसावी. फक्त एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये.

बागेत मेलेला सापडला. तुम्हाला तपासणीसाठी द्यायचा तर कसा ठेवू?

शुद्ध अल्कोहोलमध्ये, ९५ टक्क्यांच्या वर. नसेल तर कोरड्या डबीत घालून फ्रीजरमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नको. आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत वर्षानुवर्षं जपलेले देखणे नमुने आहेत. दिसायला उत्तम, डीएनएच्या दृष्टीने लोणचं.

एक पाय पुरतो. पायच का, तर त्याची शिक्षा मी भोगली आहे. एका विद्यार्थ्याने घाईत पोटाचा तुकडा घेतला. बाहेरच्या प्रयोगशाळेतून अक्षरांचा आलेख आला तो शिखरावर शिखर चढलेला, काही वाचता येईना. प्रार्थना कीटकाच्या पोटात कालचं जेवण होतं आणि त्या जेवणालाही तंतुकणिका होत्या. पैसे गेले, सत्र गेलं.

जातीची प्राथमिक ओळख पटवायला तंतुकणिकेतल्या सीओएक्स-१ या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा बहुधा पुरतो. पूर्ण जीनोम हवा असेल तर हल्ली सगळा डीएनए एकदम थोडा थोडा वाचतात. एका पेशीत तंतुकणिकेच्या प्रती शेकड्यांनी असल्यामुळे ती वही आपसूक गोळा होते, बाड मात्र अर्धवट राहतं.

राखीव वनातून, अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. नांदूर मध्यमेश्वरला फोटो काढा, परत या. संशोधनासाठी हवं असेल तर वनखात्याची परवानगी आधी.

ताई, द्राक्षबागेला याचा फायदा आहे का?

थोडा. याला मित्रकीटक म्हणून फार चढवू नका. समोर जे हलेल ते खातो: अळी, पतंग, माशी, आणि मधमाशीही. फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण याच्या भरवशावर सोडाल तर हंगाम हातचा जाईल. पण बागेत प्रार्थना कीटक टिकून आहे याचा अर्थ तिथे खायला पुरेसं आहे आणि फवारणीने सगळं धुऊन गेलेलं नाही.

एक करता येईल. छाटणीनंतर काड्या गोळा करून जाळण्याआधी नजर टाका. फेसाचा वाळका, बोटाच्या पेराएवढा गोळा चिकटलेला दिसला तर तेवढी काडी बांधावर झुडपात खोचून ठेवा. त्यात अनेकदा शंभरहून जास्त पिल्लं असतात. गोळ्याला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील तर मात्र उशीर झाला, परजीवी गांधीलमाशी आत जेवून गेली आहे.

मादी नराला खातेच का?

कधीकधी. नेहमी नाही. उपाशी मादी आणि पळायला जागा नसलेला काचेचा डबा, यात ते जास्त घडतं. विषारी आहे का, हेही याच दमात विचारलं जातं: नाही. फार तर चिमटा काढेल.

मेलेल्या किड्याच्या पोटातून काळा दोरा बाहेर आला. करणी-बिरणी आहे का?

कृमी आहे. केसासारखा, लांबच लांब. लहानपणी प्रार्थना कीटकाच्या पोटात शिरतो, आत वाढतो, आणि वेळ आली की त्याला पाण्याकडे जायला लावतो. किडा पाण्यात पडतो, कृमी बाहेर.

यातही वहीची भानगड आहे. २०२३ साली जपानमधल्या संशोधकांनी कॉर्डोडीस या कृमीची जनुकं तपासली. त्यातली १,४०० पेक्षा जास्त जनुकं प्रार्थना कीटकाच्या जनुकांशी कमालीची जुळत होती, आणि ज्या कृमींचा यजमान, म्हणजे ज्याच्या पोटात ते वाढतात तो प्राणी, दुसरा असतो त्यांच्यात ती नव्हती. म्हणजे कृमीने यजमानाचा मजकूरच उचललेला दिसतो, आणि बहुधा त्याला त्याच्याच भाषेत हुकूम देण्यासाठी. वंशवृक्षात कृमी आणि कीटक कोट्यवधी वर्षं दूर, तरी एकाच्या बाडात दुसऱ्याची पानं.

फोटो कसा काढून पाठवू?

वरून एक, बाजूने एक, आणि पुढचा पाय उघडल्यावर आतली बाजू दिसेल असा एक. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. मँटिस रिलिजिओसाच्या पुढच्या पायाच्या मुळाशी आतून काळा ठिपका असतो, कधी मध्यभागी पांढरा. तो दिसला की अर्धं काम झालं. सोबत गाव, तारीख आणि कोणत्या झाडावर होता ते लिहा. ‘हा कोण?’ एवढंच लिहून धूसर फोटो पाठवलात तर माझं उत्तर ‘झुरळाचा चुलत भाऊ’ एवढंच येईल.